रस्त्याची वाटणी

मोठ्या शहरात महापालिकेच्या ताब्यातली सर्वांत मोठी जमीन कोणती, असे विचारले तर उद्याने, शाळांची मैदाने, कचरा डेपो अशी उत्तरे येतात. बहुतेक ठिकाणी खरे उत्तर असते रस्ते. रस्ता विकला जात नाही, त्यावर इमारत उठत नाही, म्हणून ती जमीन आहे याचा आपल्याला विसर पडतो. पण त्या जमिनीची वाटणी रोज होत असते. पंधरा मीटर रुंदीच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहू दिल्या, की चार-पाच मीटर तिथेच संपतात. पदपथावर विजेचा डीपी, झाडाचा पार आणि दुकानाची पायरी आली की चालणारा खाली उतरतो. उरलेल्या जागेत बस, रिक्षा, सायकल, शाळेची व्हॅन आणि रुग्णवाहिका एकमेकांना रेटत राहतात. पालिकेने ही वाटणी विचारपूर्वक केली नाही तरी ती होतेच, आणि मग ज्याचे वाहन मोठे त्याचा वाटा मोठा ठरतो. ही जमीन कुणाला, किती आणि कोणत्या हिशेबाने द्यायची हे ठरवणे म्हणजे शहराची वाहतूक सांभाळणे. या पुस्तकातले सगळे लेख या एका धारणेवर उभे आहेत.

या विषयात नव्याने येणाऱ्याला पहिल्यांदा समजून घ्यावे लागते ते त्याचे माप. वाहतूक अभियंते चौकात उभे राहून वाहने मोजतात आणि प्रत्येक वाहनाचे रूपांतर मोटारीच्या एककात करतात. मोटार म्हणजे एक, दुचाकी म्हणजे एकाहून कमी, बस म्हणजे साधारण तीन. बसला तीन गुण मिळतात कारण ती तेवढी जागा अडवते. तिच्यात साठ माणसे आहेत की कुणीच नाही, याला या मापात स्थान नाही. चालणाऱ्या माणसाला तर एककच नाही. या मापाने रस्त्याचा अभ्यास केला की बस हा अडथळा दिसतो, पादचारी दिसतच नाही, आणि रस्ता रुंद करा किंवा पूल बांधा असा उपाय आपोआप निघतो. आपल्या महापालिकांच्या पथ विभागांनी कित्येक दशके याच मापाने काम केले. त्यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. मोजपट्टीच तशी होती.

दुसरी मोजपट्टी माणसांची. अमेरिकेतील शहर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने तीन मीटर रुंदीच्या पट्ट्याचा हिशेब मांडला आहे. मोटारींसाठी ठेवला तर त्या पट्ट्यातून तासाला ६०० ते १,६०० माणसे जातात. फक्त बससाठी राखून भरपूर बस सोडल्या तर ४,००० ते ८,०००. नुसता पदपथ केला तर सुमारे ९,०००. हे आकडे एकदा डोक्यात बसले की सकाळी नऊ वाजताचा पुण्यातला कर्वे रस्ता किंवा मुंबईतला लालबहादूर शास्त्री मार्ग वेगळा दिसू लागतो. भारत सरकारच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने हीच दृष्टी स्वीकारली आणि वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची मानली. धोरण येऊन जवळपास वीस वर्षे झाली, पण चौकातली मोजणी बऱ्याच ठिकाणी जुन्याच पद्धतीने चालते.

शहराने आपल्या लोकांना कामावर नेऊन सोडावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम धावू लागली, १९०७ साली विजेची ट्राम आली आणि १९२६ साली बस. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्य आठवड्यावर आले असताना, मुंबई महापालिकेने ट्राम आणि बस चालवणारी बेस्ट कंपनी ताब्यात घेतली. पाणी आणि दिवाबत्तीप्रमाणे प्रवास ही नागरी सेवा आहे, अशी त्यामागची समजूत होती. पुण्यात १९५० साली महापालिका स्थापन झाली आणि पीएमटी ही तिची बससेवाही त्याच वर्षीची. पुढे कोल्हापूर आणि सोलापूरनेही स्वतःची बससेवा चालवली. १९६४ साली मुंबईतली ट्राम बंद झाली तेव्हा जगभरच ट्रामकडे मोटारींच्या वाटेतला अडसर म्हणून पाहिले जात होते. त्यानंतरची तीन-चार दशके मोटारीची आणि तिच्यासाठी शहर मोकळे करण्याची होती.

त्या काळाचा वैचारिक पाया समजायचा असेल तर ब्रिटनमध्ये १९६३ साली आलेल्या बुकानन अहवालापासून सुरुवात करावी. हा अहवाल मोटारीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी आपापल्या सोयीने वापरला, पण त्यातला मूळ विचार आजही टिकतो. प्रत्येक वस्तीची वाहने सोसण्याची एक मर्यादा असते. ती ओलांडायची असेल तर शहर प्रचंड खर्चाने नव्याने बांधावे लागेल, नाहीतर वाहनांना आवर घालावा लागेल. न्यूयॉर्कमध्ये शहरबांधणीचे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी पहिला मार्ग निवडला आणि वस्त्या चिरत महामार्ग नेले. लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली लिहिलेल्या पुस्तकातून आणि रस्त्यावर उतरून त्या विचाराला आव्हान दिले. त्याच सुमारास, १९६२ साली, अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी दाखवले की गर्दीच्या वेळचा रस्ता रुंद केला की मोकळी झालेली जागा नव्या गाड्या भरून काढतात. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेच्या महानगरांची आकडेवारी तपासून तेच सिद्ध केले. रस्त्याची लांबी जितकी वाढली, जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवासही वाढला.

हे पुण्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल कोंडी फोडण्यासाठी बांधला गेला आणि पंधरा वर्षांच्या आसपास वापरून २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, पाडला गेला. मेट्रो आणि नव्या दुमजली पुलाला तो आड येत होता. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ साली स्फोटकांनी उडवला. एकाच पिढीला बांधकामाचा आणि पाडकामाचा असा दुहेरी खर्च सोसावा लागतो, याची अंदाजपत्रकात कुठेही एकत्र बेरीज होत नाही. तरीही निवडणुकीच्या जाहीरनाम्यात सर्वांत ठळक जागा पुलालाच मिळते. पूल डोळ्यांना दिसतो. सात मिनिटांनी येणारी बस दिसत नाही, ती अनुभवावी लागते.

मोटारीला आवर घालणारे विचारप्रवाह पुढे अनेक फुटले आणि त्यांची एकमेकांशी भांडणेही झाली. अर्थशास्त्रज्ञांचा प्रवाह म्हणतो की रस्त्याची किंमत लावा. सिंगापूरने जून १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागी सकाळच्या वेळी येणाऱ्या मोटारींना परवाना विकत घ्यायला लावला आणि चार माणसे बसलेल्या मोटारीला सूट दिली. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये पाच पौंडांची आकारणी सुरू केली. या सगळ्यांत मला स्टॉकहोमची गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. तिथे आधी लोकांचा विरोध होता. २००६ साली सात महिने आकारणी करून पाहिली, मध्यभागात जाणारी वाहने सुमारे पाचव्या हिश्शाने घटली, मग आकारणी थांबवली, आणि सप्टेंबरमध्ये मतदान घेतले. फरक डोळ्यांनी पाहिलेल्या शहराने बाजूने कौल दिला. २००७ साली योजना कायम झाली. कोणतेही भाषण हे मतपरिवर्तन करू शकले नसते.

याच प्रवाहातले डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर एकच मुद्दा लावून धरला. फुकट पार्किंग कधीच फुकट नसते. मोटार न बाळगणारा माणूस तिचा खर्च घराच्या किमतीतून, दुकानातल्या भावातून आणि अरुंद पदपथातून भरत असतो. पुण्याच्या पेठेत दहा बाय दहाच्या खोलीला भाडे पडते आणि बाहेर रस्त्यावर तेवढीच जागा एका मोटारीला रात्रंदिवस विनामूल्य मिळते. ही तुलना एकदा मनात आली की शूप यांचे जाडजूड पुस्तक वाचले नाही तरी चालेल.

दुसरा प्रवाह बसचा आहे. ब्राझीलच्या कुरितिबात जैमे लर्नर १९७१ साली महापौर झाले. मेट्रोचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून १९७४ पासून त्यांनी बसलाच स्वतंत्र मार्ग दिले आणि त्या मार्गांच्या कडेने दाट वस्ती वाढू दिली. कोलंबियातल्या बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ ही बसव्यवस्था सुरू करून ही कल्पना महानगराच्या मापाची केली. भारतात आलेली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गांवरची जलद बस, ही या दोन शहरांची देणगी. फक्त एक फरक पडला. तिकडे बसमार्ग हा संपूर्ण व्यवस्थेचा कणा होता. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी एका रस्त्यावरचा प्रकल्प राहिला.

तिसरा प्रवाह रस्त्याकडे राहण्याची जागा म्हणून पाहतो. कोपनहेगनने १९६२ साली आपला मुख्य बाजाररस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा केला. नेदरलँड्समध्ये १९७१ साली तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, बालहत्या थांबवा अशी त्यांची थेट मागणी होती. १९७३ च्या तेलसंकटामुळे सरकारलाही वळावे लागले. आज डच माणूस जन्मतःच सायकलप्रेमी असल्यासारखे बोलले जाते. ते खरे नाही. साठच्या दशकात तिथली शहरे मोटारीसाठी तशीच मोकळी केली जात होती. सायकल परत आली ती मागणी, पैसा आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या चिकाटीने.

आणखी एक प्रवाह आपल्याकडे फार कमी चर्चिला जातो. तो नोकरी देणाऱ्याला हिशेबात धरतो. फ्रान्समध्ये १९७१ पासून, आधी पॅरिस परिसरात आणि मग इतर शहरांत, ठराविक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांकडून पगारखर्चाच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो. तिथल्या शहरांच्या बस आणि ट्राम बऱ्याच अंशी या पैशावर चालतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम पालिकेने २०१२ पासून, अकरा किंवा अधिक पार्किंगच्या जागा कर्मचाऱ्यांना देणाऱ्या कंपन्यांवर दर जागेमागे वार्षिक आकार बसवला आणि तो पैसा ट्रामच्या विस्ताराला लावला. कंपनीच्या कारभाराचा वाहतुकीशी काय संबंध, असा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कामगाराला तरी पडणार नाही. कारखान्यांच्या बसनी तिथल्या कामगारांच्या पिढ्या पाळीवर नेल्या-आणल्या. आयटी कंपन्यांच्या बस आजही धावतात. पण त्या पालिकेच्या वाहतूक नियोजनाच्या बाहेर राहतात, आणि ज्या कार्यालयाच्या तळघरात शेकडो मोटारींची सोय फुकट आहे, त्याला शहराच्या बससेवेसाठी काही द्यावे लागत नाही.

या पुस्तकातला बराच मजकूर पुण्याभोवती फिरतो. त्याला कारण आहे. शहर-वाहतुकीतली जवळजवळ प्रत्येक नवी कल्पना पुण्याने देशात लवकर उचलली आणि त्यातल्या बऱ्याच अर्ध्यावर सोडल्या. यशापेक्षा अशा अर्धवट प्रयत्नांतून पालिकेचे आतले यंत्र जास्त स्पष्ट दिसते.

पुणे एके काळी सायकलींचे शहर होते. पालिका सायकलीवर कर घेई आणि त्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. दिव्याशिवाय किंवा डबलसीट सापडलेल्याला पोलीस अडवत. लोकांच्या हातात पैसा आला म्हणून सायकल गेली, असे नेहमी सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. आकुर्डीत स्कूटर बनू लागल्या, कारखाने आले, शहर चहूबाजूंनी पसरले. त्याच काळात बसची संख्या वस्तीच्या मागे पडत गेली आणि सायकलला रस्त्यात सुरक्षित कड उरली नाही. ज्याला बस वेळेवर मिळत नाही आणि सायकल चालवायची भीती वाटते, त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली. पुण्यातल्या दुचाकींच्या संख्येला चैन म्हणणे हा त्या घरांवर अन्याय आहे. सार्वजनिक सेवेची उणीव लोकांनी आपल्या खिशातून भरली, त्याची ती नोंद आहे. २०१८ च्या सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा माणसांच्या आकड्यापुढे गेला.

देशातला पहिला बीआरटी मार्ग डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर असा सुरू झाला. केंद्राच्या शहरांसाठीच्या जवाहरलाल नेहरू योजनेतून पैसा होता आणि घाईही होती. मार्गिका मधोमध, थांबे मधोमध, पण तिथवर सुरक्षित पोहोचायची सोय जागोजागी अपुरी. बसचा ताफा जुना आणि कमी. मार्गिका कुठे सलग, कुठे तुटलेली. दुचाकी आत शिरत, आणि त्यांना रोखायला वॉर्डन आज असे, उद्या नसे. २०१५ साली रेनबो बीआरटी आली तेव्हा या चुकांतून शिकल्याचे दिसत होते. संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत मार्गांवर बंदिस्त थांबे, फलाटाच्या उंचीला जुळणारी बस, आपोआप उघडणारे दरवाजे होते. पुढच्या काही वर्षांत दोन शहरांच्या वाटा फुटल्या. पिंपरी-चिंचवडने आपले मार्ग टिकवले आणि वाढवले. पुण्यात नगर रस्त्यावरचा बीआरटी मार्ग अलीकडे उखडण्यात आला. तो उखडताना मोटारींना किती जागा मिळेल याची चर्चा झाली. त्या मार्गाने रोज जाणाऱ्या बसप्रवाशांचा वेळ किती वाढेल, हा प्रश्न जाहीरपणे फारसा कुणी विचारला नाही.

सायकलचा दुसरा डाव २०१७ च्या अखेरीस मांडला गेला. महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याच हिवाळ्यात मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात तरुणांनी त्या मनापासून वापरल्या. वर्ष-दोन वर्षांत कंपन्या निघून गेल्या. कुलपे तुटली, सुटे भाग चोरीला गेले, हे खरे. पण मुळात सायकल आली होती आणि तिच्यासाठीचा मार्ग आला नव्हता. जिथे सायकल मार्ग होते तिथे पेव्हर उखडलेले, मध्येच खांब आणि गाड्या लावलेल्या. पार्किंगचीही गत वेगळी नव्हती. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केले, मोठ्या वादानंतर आणि बरेच पातळ करून. सुरुवातीला पाच रस्त्यांवर प्रयोग करायचे ठरले. ते धोरण वर्षानुवर्षे कागदावरच राहिले.

पण याच शहराने जंगली महाराज रस्त्यावर पदपथ इतके रुंद केले की आजी-आजोबा तिथे बाकावर निवांत बसू लागले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला आणि नंतरही होत राहिला. २०२१ सालीच पेठांच्या भागात दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी पुण्यदशम बस सुरू झाली. त्याआधी, १ नोव्हेंबर २०१२ रोजी, एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने शहराने बस डे पाळला होता. रस्त्यावर जास्त बस आल्या तर काय होते, ते पुणेकरांनी एक दिवस पाहिले. या शहराला कल्पना सुचत नाहीत, असे कुणी म्हणू शकत नाही.

मग गाडे अडते कुठे? माझ्या मते ते बांधणीच्या आणि चालवणीच्या खर्चातल्या फरकावर अडते. केंद्राची योजना बांधायला पैसा देते. थांबा, मार्गिका, मेट्रोचे खांब, सिग्नलची यंत्रणा हे सगळे भांडवली खर्चात बसते, त्याचे उद्घाटन होते, त्यावर पाटी लागते. वॉर्डनचा पगार, चालकांची भरती, उखडलेल्या पेव्हरची दुरुस्ती, बंद पडलेल्या दरवाजाचा सुटा भाग हे महसुली खर्चात येते आणि ते दर वर्षी, पाटीशिवाय, करावे लागते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन २००७ साली पीएमपी झाली. तिची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. दर अंदाजपत्रकाच्या वेळी या तुटीवरून ओरड होते. रस्त्याच्या डांबरीकरणाला मात्र तूट म्हणत नाहीत. रस्त्यातून उत्पन्न किती आले, असे कुणी विचारत नाही. बस आणि डांबर एकाच कामासाठी असताना त्यांच्यासाठी दोन वेगळ्या वह्या का, हा प्रश्न या पुस्तकात पुन:पुन्हा येईल.

भाड्याचेही तसेच. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले आणि प्रवासी लगेच परतले. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. त्याच उन्हाळ्यात पीएमपीचा दैनंदिन पास ४० रुपयांवरून ७० वर गेला. धुणीभांडी करणारी बाई दिवसातून चार घरी जाते, तिच्यासाठी हा फरक महिन्याच्या किराण्यात मोजला जातो. बसचे भाडे वाढवणे सोपे असते, कारण बसप्रवासी विखुरलेले असतात. पार्किंगचे भाडे लावणे अवघड जाते, कारण मोटारमालकांचा आवाज पोहोचतो.

दुसरी अडचण अधिकारांची. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली बारावी अनुसूची आली आणि तिच्यात शहरी संस्थांकडे सोपवायची अठरा कामे लिहिली गेली. रस्ते आणि पूल त्यात आहेत. वाहनतळ आणि बसथांबेही आहेत. बस मात्र नाही. थांबा पालिकेचा, बस कुणाची ते राज्याने ठरवायचे, अशी ही रचना आहे. रस्ता पालिका बांधते, त्यावर एकेरी वाहतूक करायची की नाही हे वाहतूक पोलीस ठरवतात, आणि पोलीस गृहखात्याचे. रिक्षाचे परवाने परिवहन खात्याकडे. बसच्या भाडेवाढीला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागते. मेट्रोची कंपनी केंद्र आणि राज्य यांची. या विखुरलेपणाचा कळस पाहायचा असेल तर पुण्याजवळच्या हिंजवडीला जावे. लाखो माणसे जिथे कामाला येतात ते गाव ग्रामपंचायतीच्या कारभारात वाढले. आयटी पार्क एमआयडीसीचा, विकास प्राधिकरण २०१५ पासूनचे पीएमआरडीए, पोलीस आयुक्तालय २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे, बस पीएमपीची, शिवाजीनगरकडे येणारी मेट्रो खासगी भागीदारीतली. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचले की यांपैकी कुणाला फोन करायचा, हे तिथल्या रहिवाशाला दर वर्षी नव्याने शोधावे लागते.

तरीही अधिकार नाहीत ही सबब मी पूर्ण मान्य करत नाही. पदपथाची रुंदी, चौकाची रचना, रस्त्यावरच्या पार्किंगचे दर, शाळेसमोरचा वेगरोधक, थांब्यापर्यंतचा उजेड, पथारीवाल्यांच्या जागा, विकास आराखड्यात मेट्रो स्थानकाभोवती काय उभे राहावे, हे सगळे पालिकेच्या हातात आहे. लंडनच्या तोडीची आकारणी करायला कायदा लागेल. रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मध्ये थांबायला दुभाजकात दीड मीटर जागा द्यायला कोणताही नवा कायदा लागत नाही.

हा विषय आत्ताच का, याची कारणे शोधावी लागत नाहीत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि जवळपास पाचवा हिस्सा पादचारी. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांत उतरणारा माणूस पुढचा एक किलोमीटर कसा जातो, यावर त्या साऱ्या गुंतवणुकीचे भवितव्य आहे. त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला आणि पुढे कित्येक वर्षे रस्त्यांविषयीचे निर्णय सभागृहातल्या चर्चेशिवाय झाले. २०२३ साली केंद्राने शहरांसाठी दहा हजार विजेवरच्या बसची योजना जाहीर केली. विजेवरच्या बसने धूर कमी होईल. ती कोंडीत अडकली तर तिच्यातल्या माणसाचा वेळ वाचणार नाही, हे मात्र आत्ताच सांगायला हवे.

आणखी एक आकडा इथे नोंदवतो, कारण तो फार लवकर विसरला गेला. लोक कामावर कसे जातात हा प्रश्न २०११ च्या जनगणनेत विचारला गेला. शेतीबाहेरच्या कामगारांत शंभरातले जवळपास २३ पायी जात होते आणि १३ सायकलने. मोटारीने जाणारे तीनसुद्धा नव्हते. ज्याला शाश्वत प्रवास म्हणतात तो आपले बहुसंख्य कष्टकरी आधीपासून करत आहेत, बहुतेक वेळा नाइलाजाने आणि जीव मुठीत धरून. परदेशातल्या पालिकांना लोकांना मोटारीतून उतरवायचे आहे. आपल्या पालिकांपुढचे पहिले काम, जे अजून मोटारीत बसलेले नाहीत त्यांचा प्रवास सुखाचा करणे हे आहे. हे काम तुलनेने स्वस्त आहे, आणि त्याची वेळ निघून चालली आहे.

या संग्रहाची आखणी याच जाणिवेने केली. लेखकांत नियोजक आहेत, पथ विभागात आणि बस आगारात काम केलेली माणसे आहेत, नागरी चळवळीतले कार्यकर्ते आहेत. त्यांचे एकमेकांशी मतभेद आहेत आणि ते मिटवायचा प्रयत्न केलेला नाही. मेट्रोवरचा खर्च योग्य की तोच पैसा बसला द्यायला हवा होता, टेकडीवरून जाणारा रस्ता शहराला परवडेल का, महिलांना मोफत प्रवास द्यावा की फेऱ्या वाढवाव्यात, यावर दोन्ही बाजू शेजारीशेजारी छापल्या आहेत. परदेशी उदाहरणे घेताना ती योजना कुणी चालवली, पैसा कुठून आला आणि विरोध कसा हाताळला, हे सांगण्याचा आग्रह धरला, कारण नुसत्या छायाचित्रांवरून योजना उचलण्याची किंमत आपण मोजलेली आहे. मालवाहतूक, एसटी आणि मुंबईची लोकल हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले. त्यांच्याबाबतचे निर्णय पालिका घेत नाही, आणि या पुस्तकाला पालिकेच्या हातात काय आहे तेवढेच नीट तपासायचे आहे.

शेवटच्या भागात एका गल्लीची मोजणी करण्याचा साधा तक्ता दिला आहे. रस्त्याची एकूण रुंदी, मोकळा पदपथ, उभ्या गाड्या, बस दर किती मिनिटांनी येते, शाळा सुटताना किती मुले चालतात, एवढ्याच नोंदी. मोजपट्टी आणि दोन माणसे असली की एका रविवारी आणि एका कामाच्या दिवशी तो भरून होतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातली छोटी कामे लेखी सुचवता येतात. पदपथ, थांबा आणि रस्ता ओलांडायची सोय ही कामे त्या चौकटीत बसतात. अर्जासोबत भरलेला तक्ता जोडला, तर क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्याला मागणीबरोबर मापेही हातात मिळतील.